पोळ्याचं आवतण

अमरावती,
पोळ्यानंतरचा शनिवार

प्रिय किसनराव यांस,

खुशालरावाचा सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा वळू लागला की नाही ते कळवा. आमची पाठ वळते, पण आवाज करते. फोनच केला असता, पण तुमच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे आमच्या पंचफुलाबाईंना, शेजारी बसून दोन्हीकडचं बोलणं ऐकायची सवय आहे. म्हणून हा कागदाचा खटाटोप.

आमची गाडी तुम्हाला ठाऊक आहेच. सत्तावन्न सालची, माझ्याहून वयानं मोठी (आणि तुमच्या बहिणीच्या मते माझ्याहून जास्त लाडावलेली). यंदा बाईंनी अट घातली: पोळ्यापर्यंत गाडी आपल्या दमानं अकोल्याला, त्यांच्या माहेरी म्हणजे तुमच्याकडे पोचली तर राहील, नाहीतर भंगारात. मी समजावून पाहिलं. म्हटलं, राइट बंधूंचं पहिलं उड्डाण बारा सेकंदांचं, तेवढ्यात आपली सुपारीही कातरून होत नाही, तरी त्यांच्या यंत्राला कुणी तराजूवर चढवलं नाही. (दोघेही बिनलग्नाचे होते, हे मात्र मी बोललो नाही.) उपयोग झाला नाही.

रस्ता मोकळा मिळेल म्हणून मी नेमका पोळ्याचा आदला दिवस निवडला. इथेच माती खाल्ली. बडनेरा छान ओलांडलं. (एकोणीसशे अकरा साली अलाहाबादेत विमानानं टपाल यमुनेपार नेलं, ते जेमतेम सहा मैल; त्याचा जगभर गाजावाजा झाला. आम्ही त्याहून पुढे गेलो, आमचा कुठे उल्लेख नाही.) मग गाडी एका शेतापाशी खोकली आणि बसली. शेत मनकर्णाबाई नावाच्या म्हातारीचं. दारात बैलजोडी उभी, म्हटलं, जरा ओढून द्या. म्हातारी माझ्याकडे अशी पाहू लागली, जणू मी बैल कापायला मागितले. "आत्ताच हळद-लोन्यानं यायचे खांदे मळले ना बाप्पा! आता पोळा होयेपर्यंत जू नाई ठेवत." ट्रॅक्टर मागितला, तर त्यालाही हळद लागून हार पडलेला. त्याचाही पोळा!

एवढ्यावर थांबती तर ठीक. वाटीत हळद-लोणी उरलं होतं, ते म्हातारीनं माझ्या गाडीच्या दोन्ही मडगार्डांना चोळलं आणि बैलांना म्हणतात तसं हात जोडून गाडीला म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." संपला विषय. आवतण दिलेला पाहुणा न जेवता कसा जाईल? गाडी तिच्या गोठ्यात राहिली, मी एसटीनं घरी आलो. पुढे मिस्त्री पाहून गेला. म्हणे, मोडलेला भाग आता वस्तुसंग्रहालयात शोधा. खरं सांगतो किसनराव, त्या गोठ्यात तिला एकटीला सोडताना मी दोनदा मागे फिरून तिची काच पुसली.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार.

आपला,
खुशालराव

ता. क. – बाईंना मी सांगितलंय की गाडी तुमच्या अंगणात सुखरूप पोचली. विचारलं तर तेवढं 'हो' म्हणावं.

ता. क. २ – फोटो मागितला तर कडब्याच्या ढिगावर ताडपत्री टाकून काढावा. बाजू उजवीकडची घ्यावी, गाडीची तीच चांगली आहे.

किसना, मी पंचफुला. हे पत्र टाकाले निघाले अन् पाकीट ओट्यावरच इसरले. मी फोडलं. गाडी पोचली नाई हे मले त्याच रात्री समजलं होतं; यायच्या सदऱ्याले हळदीचा अन् लोन्याचा वास येत होता. पत्र वाचून काल भंगारवाल्याले घेऊन, बडनेऱ्यापुढं इचारत इचारत, मी सोता त्या म्हातारीकडं गेल्ती. तिनं आमाले पुरनपोई वाढली अन् म्हने, पोळ्याले जेवलेलं जनावर इकत नाईत. भंगारवाला जेवून, पाया पडून गेला. मीई आली. पन किसना, हे रोज सकाई फडकं घेऊन अंगनात जातेत अन् रिकाम्या जागेपाशी उभे रायतेत. मले पाहवत नाई. तू दुसऱ्या गाडीले बांधून, टोचन करून गाडी तुह्या घरी आन. पयले फोटो खरा काढजो. अन् मले सांगजो, आपल्या दमानं आली. मी हारली म्हनून यायच्यापुढं कबूल करीन.