तो आधी उठला

बाबा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, तरी पेणमध्ये मी अजून ‘लढाईत पदक मिळवलेल्या लेफ्टनंटसाहेबांची मुलगी’च आहे. तुम्हाला हे कधी आवडलं नाही. बाविसाव्या वर्षी शत्रूचं ठाणं घेतलंत, पुढे पाचच वर्षांत फौज सोडलीत आणि रोह्याच्या शाळेत गणित शिकवत राहिलात. मी दहावीत असताना प्रजासत्ताक दिनाला पदक लावून या, म्हणून हटून बसले. तुम्ही नाही म्हणालात. मी आईसमोर बोलून गेले, “भित्रे आहात तुम्ही.” तुम्ही रागावला नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मला एसटीत बसवून खांब नावाच्या गावी नेलंत.

अंगणात एक म्हातारी वालाच्या शेंगा सोलत बसली आहे. तिचा मुलगा तुमचा वायरलेसवाला होता, त्याच लढाईत गेला, एवढंच तुम्ही मला सांगता. ती आपल्याला तांदळाची भाकरी वाढते आणि समोर बसते.

“सायेब, दरसाल येता तुमी. माज्या पोरान शेवटाला काय सांगितलान, ता एकदा बोला की.”

तुम्ही ताटाकडे बघत म्हणता, “‘आईला सांगा, मी बरा आहे,’ असं म्हणाला.”

ती पदरानं डोळे पुसते आणि तुमच्या ताटात आणखी एक भाकरी टाकते.

परतीच्या एसटीत नागोठणं मागे पडलं, तेव्हा तुम्ही बोललात. “तो काहीच बोलला नाही गो. मी उठ म्हणालो, तो माझ्याआधी उठला. त्याच्यावर गोळ्या सुटल्या, म्हणून त्यांची मशीनगन कुठे आहे ते मला दिसलं. ठाणं त्यामुळे मिळालं. पदकही.” मग पेण येईपर्यंत तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. तुमचा हात धरावासा वाटला, पण माझ्याकडून धरला गेला नाही.

तुम्ही गेलात त्या वर्षी मी एकटीच खांबला गेले. ती दारातच म्हणाली, “सायेब नाय आलं?”

“त्यांना बरं नाही,” मी म्हणाले. पुढे ती असेपर्यंत दर जानेवारीत हेच सांगत राहिले. तिला सोसवणार नाही म्हणून, असं मी सगळ्यांना सांगते. हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून इथे खरं लिहिते. ती खचली नसती, बाबा. ‘बाबा गेले’ हे मलाच बोलवत नव्हतं.