उजवीकडून आलेला उजेड

४ जानेवारी

ती. मावशीस, सा. न.

महिनाभर पत्र नाही म्हणून रागावली असशील, तर हे वाचून आणखी रागाव, कारण आजही कामासाठीच लिहितेय. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी पोहायला सांगितलंय आणि तू तलावाच्या काठावर बसून बाकीच्यांच्या चुका काढतेस, असं आईने कळवलं. मला नवल वाटलं नाही.

बातमी अशी. काकांचं पाण्याखालच्या फोटोंचं पुस्तक बत्तीस वर्षांनी पुन्हा निघतंय. प्रकाशकांना प्रत्येक जुन्या फोटोशेजारी त्याच जागेचा आजचा फोटो हवाय आणि काकांनी माझं नाव सुचवलं. तू त्यांचं घर सोडलंस तेव्हा मी सहा वर्षांची होते. तुमच्यात काय झालं ते मला कोणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. पण काठावर उभं राहून मला पोहायला त्यांनी शिकवलं, पहिला कॅमेराही त्यांनीच दिला, म्हणून नाही म्हणवेना. चालेल ना तुला?

अडचण उजेडाची आहे. जहाजांचे तळ तपासायच्या माझ्या नोकरीत छोटा फ्लॅश पुरतो; गंज दिसला की काम झालं. इथे चांगला स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचा ताकदवान फ्लॅश, लागेल. दुकानात दोन दाखवले. एक मुठीएवढा, हलका, झटकन पुन्हा तयार होणारा. दुसरा छोट्या भोपळ्याएवढा, जड, दोन फोटोंमध्ये दम खाणारा, पण उजेड पसरट. दुकानदार म्हणतो, कुठलाही घ्या पण जोडीने घ्या, दोन्ही बाजूंना एकेक. तू काकांचं सामान सांभाळायला बोटीवर जायचीस, तेव्हा थोडंफार आठवत असेल, म्हणून विचारते.

तुझ्या रागावर आणि लोभावर सारखाच हक्क सांगणारी,
चिमणी


११ जानेवारी

चि. चिमणीस, अ. आ.

गुडघा बरा आहे. काठावरून चुका जास्त चांगल्या दिसतात.

काम खुशाल घे. स्ट्रोब मोठा घे. पाच-सात मीटर खाली गेलीस की पाणी तांबडा रंग गिळून टाकतं. लालभडक मासा मळक्या फडक्यासारखा दिसायला लागतो. तो रंग परत आणायचं काम या दिव्याचं. छोट्याचा झोत मधोमध भाजतो आणि कडा काळ्या ठेवतो. मोठ्याचा उजेड शाल टाकल्यासारखा पसरतो आणि जरा पिवळसर असतो, तो खाली हवाच. दम खातो म्हणतेस, तर खाऊ दे. तेवढ्यात तूही श्वास घे. दिवा भिंगाजवळ ठेवू नकोस, नाहीतर पाण्यातले कण उजळतात आणि फोटोत पीठ उधळल्यासारखं दिसतं. दांडी लांब कर, दिव्याचं तोंड थोडं बाहेर वळव आणि झोताच्या नुसत्या काठाने वस्तूला शिव.

जोडी घेऊ नकोस. दोन दिवे सावली मारून टाकतात. जुने सगळे फोटो एका दिव्याचे आहेत, शेजारी ठेवायचे तर तुझेही तसेच हवेत. एकच घे आणि कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीच्या उजव्या दांडीवर लाव.

आणखी एक. आधी ते जुने फोटो भिंगातून बघ. सावली कुठल्या बाजूला पडलीय ते एकेकाखाली लिही. मग काकांकडे जा आणि सहज विचार, की दिवा कोणत्या हातात असायचा. मी विचारायला सांगितलं हे बोलू नकोस. सामान सांभाळणाऱ्या बाईला हे एवढं कसं ठाऊक, ते मलाच विचार, पण नंतर.

बोलणं कडक आहे, माया तेवढीच आहे.
मावशी


२ फेब्रुवारी

ती. मावशीस, सा. न.

मोठा घेतला. पहिली चाचणी पोहण्याच्या तलावात केली, तळाशी चमचे आणि एक लाल बादली ठेवून. रखवालदाराला वाटलं माझं काहीतरी बिनसलंय. पण बादली खरंच लाल आली.

आता दुसरं. एकेचाळीस फोटो पाहिले. एकूण एक सावली डावीकडे, म्हणजे उजेड उजवीकडून. काकांकडे गेले. मला आवडतात म्हणून त्यांनी बिस्किटांचा डबा आधीच काढून ठेवला होता. चहा घेता घेता विचारलं. ते म्हणाले, बटण उजव्या हाताला असतं तेव्हा दिवा डाव्या हातात, सगळे असाच धरतात. पटलं. म्हटलं, छापखान्यात फोटो उलटे लागले असतील. घरी येऊन बुडालेल्या मालवाहू बार्जचा फोटो बघितला, तर तिच्या अंगावरचा नंबर सरळ वाचता येतो.

परवा त्याच बार्जवर गेले. काकांना तेव्हा नेणारा बोटवाला आता म्हातारा झालाय, सुकाणू मुलाकडे आहे, पण तो हौसेने सोबत आला. मी विचारलं, इथे पंचवीस मीटर खोल सर कसे जायचे? तो हसला. म्हणाला, सर कानात कापूस घालून बोटीत बसायचे, खाली बाई जायच्या. बाई डावखुऱ्या, म्हणून पेटीचा खटका त्याच्या मेव्हण्याने मुद्दाम डावीकडे बसवून दिला होता.

नंतर विचार म्हणाली होतीस, आता विचारते. हे फोटो कोणाचे आहेत?

उत्तर येईपर्यंत पाण्यात जाणार नाही.
तुझी चिमणी


९ फेब्रुवारी

चि. चिमणीस, अ. आ.

माझे. एकेचाळीसच्या एकेचाळीस.

पहिल्याच वर्षी त्यांच्या कानाचा पडदा फाटला आणि पाण्यात डोकंसुद्धा घालायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं. पुस्तक कबूल करून बसलेले. मग सहा वर्षं मी खाली गेले. मजकूर ते ग्रंथालयात बसून लिहायचे. नावं दोघांची येणार असं ठरलं होतं.

छापलेलं पुस्तक मी पहिल्यांदा दुकानाच्या काचेत पाहिलं. नाव एकट्याचं. आत जाऊन पानं उलटली. शेवटी आभार होते: सामान सांभाळल्याबद्दल व सोशिकपणाबद्दल पत्नीस. मी तिथे उभी राहून ते तीनदा वाचलं. घरी विचारलं तर म्हणाले, एका नावाने पुस्तक चालतं, पुढच्या आवृत्तीत बघू. मी एक सूटकेस घेऊन निघाले. निगेटिव्ह त्यांच्या कपाटात, कुलपात. माझ्याकडे पुराव्याचा चिटोराही नव्हता. ज्यांना सांगितलं त्यांनी नवरा-बायकोचं भांडण म्हणून मान डोलावली. तुझ्या आईनेसुद्धा.

ती पुढची आवृत्ती आता आलीय. तुझं पत्र वाचलं त्याच दिवशी मला कळलं, की सावल्या बघणारं कोणीतरी मिळालं. तुला न सांगता मी तुला कामाला लावलं, हे खरं आहे.

प्रकाशनाच्या समारंभात तुझे आणि माझे फोटो पडद्यावर शेजारी येतील. तेव्हा विचार त्यांना. आधी नाही, घरी नाही, हळूच नाही. मला त्यांची दिलगिरी नकोय. भरल्या हॉलमध्ये त्यांची वाचा बसलेली हवीय. बत्तीस वर्षं मी हे दृश्य रोज घासूनपुसून ठेवलंय.

आता पाण्यात जा. पाण्याने काही केलेलं नाही.
मावशी


१२ मार्च

काय म्हणून संबोधावं ते कळत नाही, म्हणून नुसताच नमस्कार.

चिमणीचे फोटो आले. सगळ्यांत उजेड उजवीकडून. तिला हे कोणी सांगितलं, ते विचारायची गरज पडली नाही. हल्ली ती चहा अर्धा टाकून उठते, त्यावरूनही समजलं होतं.

मी एक्काहत्तर वर्षांचा आहे. दोघांची नावं घालायला प्रकाशकांना सांगतो, काहीतरी निमित्त काढता येईल. निगेटिव्ह तुझ्याच आहेत, त्या देतो. एवढंच मागणं, की समारंभाच्या दिवशी समोर माझे विद्यार्थी बसलेले असतील, तेव्हा त्यांच्यादेखत काही नको. तू रागीट होतीस, पण निष्ठुर कधी नव्हतीस.

उत्तर दिलंस तर आभारी, नाही दिलंस तर समजून घेईन. सही करायला हात धजत नाही; अक्षर ओळखशीलच.


२८ मार्च

ती. मावशीस, सा. न.

तुझ्या मनासारखं झालं. आता कसं झालं तेही वाच.

काकांच्या पत्राला उत्तर देणार नाही, तुझं तू बघ, एवढ्या दोन ओळी तू मला पाठवल्यास. त्या वाचून चीड आली होती आणि मी गप्प बसायचं ठरवूनच हॉलमध्ये गेले होते. त्यांनीच मला पुढच्या रांगेत जागा राखली होती. पडद्यावर बार्ज आली, आधी तुझी, मग माझी. डायव्हिंग क्लबातल्या एका बाईंनी उठून कौतुकाने विचारलं, त्या काळच्या साधनांनी सरांनी इतक्या खोलवर उजेड कसा सांभाळला. काका सांगू लागले. आपण आत कसे शिरलो, दिवा डाव्या हातात कसा धरला, हात कसा बधिर झाला. मी तेही ऐकून घेतलं. मग त्यांनी माझ्याकडे हात केला आणि हसून म्हणाले, विचारा आमच्या चिमणीला, तीही माझ्यासारखाच धरते.

मी उभी राहिले आणि म्हटलं, “सर तिथे कधी गेलेच नाहीत. हे फोटो माझ्या मावशीचे आहेत.”

सावल्या दाखवल्या, कानाचं सांगितलं. काकांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता ठेवला. मग माईकमधून फक्त “हो” ऐकू आलं. प्रकाशकांनी पडदा बंद केला, पुस्तकांचे गठ्ठे टेबलाखाली गेले, पहिल्या रांगा उठून गेल्या. काकांना मंचाची पायरी सापडेना. मी हात दिला, तो त्यांनी धरला नाही.

खरं बोलले याचा पस्तावा नाही. पण मावशी, स्ट्रोब तू निवडलास, त्याची बाजू तू निवडलीस आणि तो कोणावर चमकवायचा तेही तूच ठरवलंस. मला बिस्किटं देणाऱ्या माणसासमोर मी भिंग घेऊन बसले होते आणि कशासाठी ते मलाच ठाऊक नव्हतं.

सध्या फक्त नमस्कार. बाकीचं नंतर.
चिमणी


६ एप्रिल

चि. चिमणीस, अ. आ.

तू रागावलीस ते रास्त आहे. दुसऱ्याचे हात न विचारता वापरायचे, हे ज्यांनी माझ्याशी केलं त्यांना धडा शिकवताना मी तेच तुझ्याशी केलं. त्याबद्दल तुझी माफी मागते. अशी माफी मी आजवर कोणाची मागितलेली नाही, तेव्हा नीट जमली नसेल तर सांभाळून घे.

समारंभाबद्दल मात्र वाईट वाटलं नाही. तुझं पत्र चार वेळा वाचलं आणि दर वेळी तो “हो” येईपर्यंत घाईघाईने खाली आले. पुस्तक आता माझ्या नावाने निघेल. त्यांचा मजकूर काढायचा या अटीवर मी सही दिली. प्रकाशक अजिजीने म्हणाले, निदान प्रस्तावना राहू द्या. मी एक ओळसुद्धा राहू दिली नाही.

काल दुपारी ते आले. तीन मजले चढून, निगेटिव्हचे दोन डबे छातीशी धरून. मी डबे दारातच घेतले, खिडकीशी नेले आणि एकेक पट्टी उजेडात धरून पाहिली. मुद्दाम सावकाश पाहिली. तोवर ते उंबऱ्याबाहेर उभे होते. बसा म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. सगळ्या आहेत एवढं सांगितलं आणि दार ओढून घेऊ लागले.

दोन पायऱ्या उतरून ते थांबले. वर न बघता त्यांनी विचारलं, की त्या बार्जच्या पोटात प्रत्यक्षात कसं असायचं. म्हणाले, फोटो रोज बघितले, त्यावर जन्मभर भाषणं दिली, पण आत गेल्यावर काय ऐकू येतं, कसा गारवा असतो, भीती कुठून सुरू होते, ते कधी कळलंच नाही.

मला सगळं आठवत होतं. फटीतून येणारा हिरवा उजेड. आपल्याच श्वासाचे बुडबुडे वर जाऊन छताला चिकटायचे आणि पाऱ्यासारखे हलत राहायचे. लोखंड कण्हायचं. पहिला शब्द जिभेवर आला होता.

मी दार लावलं. आतून बराच वेळ कान देऊन उभी होते, पावलं वाजेनात. मग एकेक पायरी वाजत खाली गेली.

तू ती जागा पाहिली आहेस. तुला वाटलं तर तू त्यांना सांग, मी अडवणार नाही. मी सांगणार नाही.

राग गेला की ये. नाही गेला तर तो घेऊनच ये.
मावशी