काळ्या शेंगांची बाटली

ती. आक्का,

धाकट्या आशाचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा हाय? म्हैस लाथा मारायची थांबली का? इकडं आमी समदे बरे आहोत. (बरे म्हणजे जित्ते आहोत, बाकीचं खाली लिव्हते.) चिमीला दोन दात आले, दिवसभर माझं बोट चावती. फोन केला असता, पण एसटीडी बूथवाला कडूबा माझ्या सासरच्या भावकीतला, आपण बोलायलो की नीट ऐकू यावं म्हून तो पंखा बंद करतो. म्हून पत्र. वाचलं की चुलीत घाल.

तर मी पुंडलिकनगरात ज्यांच्याकडं पोळ्या लाटते, त्या मॅडम केक करून इकत्यात. त्या म्हणल्या, दुकानातल्या बारक्या शिशीतलं व्हॅनिला म्हणजे निस्ता वास, खरं घरी करावं लागतं. त्याच्या काळ्या शेंगा येत्यात, वाळल्या गवारीवानी. त्या मधून चिरायच्या, काचेच्या बाटलीत घालायच्या, वरून पांढरी दारू वतायची आन चार महिने अंधारात ठिवून रोज हलवायची. (व्हय, दारू. मीबी दोनदा इच्यारलं.) शेंगा मला शेजारच्या फहमिदा आपांनी दिल्या, त्यांचा भाऊ केरळला ट्रक घेऊन जातो. आपा म्हणल्या, हमारे में नै चलता बाई, मैं तो दूध में उबाल लेती. पण मला मॅडमसारखंच करायचं व्हतं. चिमीच्या पयल्या वाढदिवसाला माझ्या हातचा केक, मग गल्लीतल्या समद्या वाढदिवसांना माझाच.

आता तुला ठावं हाय ह्यांचं. चिमी झाली त्या दिवशी तिच्या डोक्यावर हात ठिवून ह्यांनी सोडली, त्याला आठ महिने झाले. आन मीच घरात बाटली आणली. रोज वाटायचं, उचलून फेकावी. पण शेंगा भिजल्या व्हत्या. म्हून मी ती चिमीच्या लंगोटाच्या पेटीत तळाला लपवली (त्या पेटीला बाप्या माणूस हात लावत नाय) आन बाहेरून काजळाची रेघ मारली. आठ दिवसांनी बघते तर दारू रेघेच्या बोटभर खाली.

आक्का, पयला संशय सासूवर, आत्याबाईवर घेतला, कारण तो घ्यायला सोपा. त्या दुपारच्या लई झोपत्यात. पण त्या तर उलट मलाच म्हणल्या, "मोरीला बेकरीवानी वास येतोय, बिस्किटं धुतीस काय गं?" मंग राहिले हे. रोज वाढताना मी वाकून ह्यांच्या तोंडाचा वास घ्यायला लागले. हे म्हणायचे, "काय गं, तोंडात मोगरा फुललाय का माझ्या?" आन एक दिवस खरंच केकाचा वास आला. माझ्या हातातलं पातेलं पडलं. ह्यांनी खिशातून क्रीमची बिस्किटं काढली, चिमीला आणलेली. मी ती मोजली, दोन कमी व्हती. दोनच खाल्ली का त्याच्यावर काय पेलं, हे कोण सांगणार? रेघ रोज खाली. मी रोज नवी मारायची. बाटलीला शाळेच्या पट्टीवानी रेघा झाल्या.

परवा हे कंपनीतून लवकर आले. चिमी मांडीवर व्हती. समोर बसले आन रडायलेच. म्हणले, "आशे, कव्हापासून पितीस?"

मी म्हणलं, मी?

तर ऐक. मी दुपारी पेटी उघडून बाटली हलवायची, बूच काढून वास घ्यायची, आन काळजीनं उसासा टाकायची. ते ह्यांनी खिडकीतून बघितलं. ह्यांची सुटली तव्हा डॉक्टरनं सांगितलं व्हतं, एकदम बंद केली की हात थरथरत्यात, जरा जरा कमी करा. म्हून हे रोज नाक दाबून बुचभर दारू मोरीत वतून देत व्हते. माझी हळूहळू सुटावी म्हून. स्वतः जिभेला लावली नाय. मी वाकून जवळ यायची ते ह्यांना वाटलं, झोक जातोय.

मी समदं समजावून सांगितलं. आता काय काळजी नाय. बाकी खुशाल. लेकरांना मुका.

तुझी,
आशा

ता. क. बाटली दाजींनी आणून दिली व्हती. आक्काला सांगू नको म्हणले, म्हून वर लिव्हलं नाय. आणली तव्हाच सील फुटलेलं व्हतं. मी इच्यारलं नाय. तू इच्यार.

ता. क. दुसरं. समजावून सांगितलं खरं, पण ह्यांना पटलं नाय. म्हणले, दारूत शेंगा घालून लेकराचा केक, असं कुणी करतंय व्हय? मला चिमीच्या डोक्यावर हात ठिवायला लावला आन शपथ घ्यायला लावली, की दारूच्या बाटलीला शिवणार नाय. भ्याले, घेतली. आता मला शिवता येत नाय, ह्यांना पयलंच येत नाय, आन आत्याबाई म्हणत्यात माझ्या गळ्यात माळ हाय. बाटली पेटीत तशीच. वरचे लंगोट मी उलथन्यानं काढते. ह्यांचा माझ्यावर भरवसा नाय, माझा ह्यांच्यावर नाय, म्हून दोघंबी पेटीसमोर बसून आहोत. हे म्हणत्यात, तू ऊठ आधी. मी म्हणते, तुमी. ह्यांची ड्यूटी बुडायलीय. पैठणहून पयली एसटी धर आन ही बाटली घेऊन जा. रोज हलव.