मंगलीच्या अंगणातला फोटो

कुरखेडा

प्रिय रोशनी,

जय भीम. फोनवर बोलले असते तर ओरडले असते, आणि तुझ्या होस्टेलच्या खोलीत आणखी मुली असतात, म्हणून लिहिते आहे. तू शांतपणे वाच. मी शांत नाही.

तुझ्या नर्सिंग कॉलेजचा तो मदतनिधीवाला माणूस परवा येऊन गेला. दुसऱ्या वर्षाची फी परदेशातल्या देणगीदारांकडून मिळायची तर घरासमोर कुटुंबाचा फोटो लागतो, हे तू सांगितलंच होतंस. त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं. सरकारी स्कॉलरशिप येते परीक्षा उरकल्यावर आणि कॉलेजला फी हवी आधी. मधल्या काळात कुणी हात देत असेल तर त्यानं आपलं घर खुशाल बघावं. मिशनच्या कॉलेजात पोरगी घातली, आता चर्चमध्ये जाईल, असं बचत गटातल्या इंदुताई चारचौघींत बोलल्या तेव्हा मीच त्यांना ठणकावलं होतं की तिथल्या सिस्टर माझ्या पोरीला नर्स करताहेत आणि तिचा धर्म कुणी विचारलेला नाही. आता इंदुताईंसमोर कोणत्या तोंडानं जाऊ?

आदल्या दिवशी त्या माणसाचा फोन आला, की तुमच्या मागे मातीचं घर आहे ना, तिथेच फोटो घेऊ. शहरातल्या लोकांना मातीच्या भिंतींचं कौतुक असतं, असं मला वाटलं. त्याला आपली मागची बाजू कशी माहीत, हा प्रश्न तेव्हा पडलाच नाही. मी मागे जाऊन त्या घरच्या मंगलीला सांगितलं, की उद्या तुझ्या अंगणात फोटो काढायचा आहे, परदेशात जाणार आहे. ती इतकी हरखली की विचारू नकोस. संध्याकाळपर्यंत तिनं आणि सुनेनं, करिश्मानं, लाल मातीनं भिंती सारवल्या, खाली पांढऱ्या मातीची किनार ओढली, पाण्याचा पितळी गुंड चिंचेनं घासून दारात मांडला. मी म्हटलं, एवढं कशाला? तर म्हणते, “पावना येऊन राह्यला बाई, तं घर असंच ठेवू का?”

पाहुणा आला आणि त्याचं तोंड उतरलं. किनार बघून म्हणाला, हे फारच नीटनेटकं दिसतंय. गुंड त्यानं स्वतः उचलून आत ठेवला. मग माझ्याकडे वळला. मी तुझ्या कॉलेजची इज्जत म्हणून पांढरं लुगडं नेसले होते, जयंतीचं. म्हणाला, मावशी, घरात नेसता ते जुनं नाही का? आणि जरा खाली बघा. पोरी, माझं डोकंच फिरलं. माझ्या आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतली ती काय मी कॅमेऱ्यासमोर खाली बघायला? तुझे बाबा घुग्घुसच्या खाणीत कोळशाची धूळ खात राबले तेव्हा कुठे आपल्या घरावर स्लॅब पडला. तो स्लॅब आता तुझ्या शिक्षणाच्या आड येतो म्हणे! गरीब आहोत हे मी कुणापासून लपवलेलं नाही. पण गरिबी असली म्हणजे घर घाणेरडं आणि मान खालीच पाहिजे, हा कुठला नियम? मी त्याला वाटेला लावलं. चहा मात्र दिला.

जाताना तो चिडून म्हणाला की फोटोशिवाय मदत पुढे सरकणार नाही. तुझं वर्ष टांगणीला लागलं, हे मला कळतं. म्हणून आपल्या दारासमोर त्याच लुगड्यात करिश्माकडून फोटो काढून घेतला आणि सोबत पाठवते आहे. मागे लिहिलंय, की मी सत्यशीला, रोशनीची आई, अंगणवाडी सेविका, घर आमचं आहे आणि फी आम्हाला झेपत नाही. यातलं काही खोटं नाही. तो सिस्टरच्या हातात तू स्वतः दे. त्या नाही म्हणाल्या तर बचत गट आहे, मी आहे. तू माझ्या वतीनं माफी मागायची नाहीस.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. फाटकाशी तो माणूस म्हणाला, “मावशी, माझ्यावर कशाला ओरडता? मागची झोपडी दाखवा, ती वाईट दिसते, असं तुमच्या रोशनीनंच सुचवलं होतं.” तुझ्यावर हे सुचवायची पाळी ज्यांनी आणली त्यांचा राग जास्त आहे, पण तुझाही आहे. लहानपणी मला उशीर झाला की तू त्याच झोपडीत जेवून झोपायचीस. मंगलीला मी यातलं काही सांगितलेलं नाही. तो आला तेव्हा ती आणि करिश्मा मजुरीला गेल्या होत्या; तिला वाटतं, तिच्या घराचा फोटो परदेशात पोचला. तू सुट्टीत आलीस की ती आधी तेच विचारेल, “रोशनी, माहं घर आवडलं का वं त्याईले?” तिला काय सांगायचं, ते तुझं तू ठरवून ये.

तुझीच,
रागावलेली आई