आईचं स्टेडियम

बाबा,

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे अशीच मॅच होती आणि तिनं खाण्याचं स्टेडियम रचलं होतं. तसंच आज मी टेबलावर रचलंय. ढोकळ्याच्या मैदानावर हिरवी चटणी मॅच सुरू होतानाच पसरा, नाहीतर ते भिजेल. चकल्यांच्या स्टँडना हात लावू नका. आईसारखाच मागून उकडलेल्या बटाट्याचा टेकू दिलाय, पण तिच्याइतका पक्का जमला नाही.

त्या दिवशी माझ्या ऑफिसातल्या मेगननं विचारलं, "कुठून मागवलंस?" मी चटकन म्हणून गेले, "एजवेअरच्या एका दुकानातून." मला कसली लाज वाटली, अजून कळत नाही. आई चकल्यांचा डबा घेऊन मागेच उभी होती. "अजून आणू का गं, केतकी?" एवढंच म्हणाली. सगळे गेल्यावर तिच्याशी बोलायचं ठरवलं होतं, पण ती लवकर झोपली.

मी मेगनला स्टेशनवरून आणायला जातेय. तिनं पुन्हा विचारलं, तर तुम्ही उत्तर देऊ नका. आत्ताच ओट्याशी उभी राहून मी मोठ्यानं म्हणून पाहिलं, "ते दुकानातलं नव्हतं, मेगन. माझ्या आईनं केलं होतं."