नात्याचा रकाना

ताई,

हे पत्र मी तुला पाठवणार नाही. पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला काही सुचणार नाही.

गेल्या महिन्यात मी शिक्षणासाठीच्या व्हिसाचा अर्ज भरत होते. तिकडे कुणाकडे राहणार, तिथे तुझा पत्ता लिहिला आणि नात्याच्या रकान्यात 'मावसबहीण'. आई शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होती. अर्जाकडे बघून म्हणाली, "सख्खी लिही. सरकारी कागद आहे, खोटं लिहून अडकशील."

मला आधी हसूच आलं. मग तिचे थांबलेले हात दिसले. मावशीला मूल होत नव्हतं, म्हणून तू दीड महिन्याची असताना आईनं तुला तिच्या ओटीत घातलं. एवढंच सांगून ती पुन्हा घड्या घालू लागली.

"ताईला माहीत आहे?"

"नाही. मावशीला शब्द दिलाय मी."

तू पाठवलेल्या निमंत्रणपत्रात मावसबहीणच होतं, म्हणून मी अर्जातही तेच राहू दिलं. आज व्हिसा आला. तुला फोन केला तर तू म्हणालीस, "ये लवकर. एकटीच वाढले मी, आता भांडायला तरी कुणी मिळेल." आई दाराशी उभी राहून ऐकत होती.

फोन ठेवल्यावर तिनं एवढंच विचारलं, "जेवली होती का ती?"

तुझी,
धाकटी