किस्तबंदीची पौर्णिमा

शके १६९६, वैशाख वद्य द्वितीया
पंचांनी माझं ऐकलं नाही! श्रीनिवासपंतांच्या दारी मी तगाद्याला माणूस बसवला होता, तो उठवायला लावला. वर किस्तबंदी करून दिली — दर पौर्णिमेला थोडं थोडं, तीन वर्षं. पंत उत्तरेच्या मोहिमेत कारकून होते. सरदाराने पगार थकवला, त्यात आईचं आजारपण, म्हणून माझ्याकडून कर्ज काढलं. खरं आहे सगळं. पण नवऱ्यामागे माझ्यापाशी आहे ते एवढंच. त्यावर म्हातारे पंच म्हणाले, "बाई, तुमच्या तगाद्याच्या माणसाला ते रोज जेवू घालतायत. कुणाच्या पैशातून, याचा विचार करा."

ज्येष्ठ पौर्णिमा
गल्लीतल्या सगळ्या वडाला गेलेल्या. मी घरात. पंत हप्ता घेऊन आले. ते ओसरीवर, मी दाराआड. कामाच्या बायडाबाईने पाणी दिलं. ते पिऊन उगाच बोलल्यासारखे म्हणाले, नर्मदा इतकी नितळ, की नावेतून तळाचे गोटे दिसतात. पावती घेतली आणि गेले.

ज्येष्ठ वद्य प्रतिपदा
सकाळी घंगाळात हात बुडवून किती वेळ बसले कोण जाणे. विहिरीचंच पाणी!

आषाढ पौर्णिमा
आज धुक्याचं सांगितलं. कुरुक्षेत्राकडे थंडीत असं धुकं पडतं, की स्वार दिसत नाही, घोडा दिसत नाही. मग वाट कशी सापडायची? — मी दाराआडून विचारलं. परक्या पुरुषाला! पंत म्हणाले, पुढच्या बैलांच्या घंटा ऐकत जायचं.

श्रावण शुद्ध चतुर्थी
स्वप्नात ते धुकं आपल्या पेठेत शिरलं. ओंकारेश्वर नाही, मुठा नाही. नुसत्या घंटा. मी आलवण सावरत चालले होते — भीती मुळीच नाही. बायडाबाई म्हणते, "झोपंत हसत हुता तुमी. बरं हाय न्हवं?"

भाद्रपद पौर्णिमा
श्रावण पौर्णिमेला पंतांनी सांगता सांगता अर्ध्या चंबळेपर्यंत आणून सोडलं होतं, पण आज भलतीकडेच गेले — हरद्वारच्या पुढे, बर्फाच्या डोंगरांकडे. "लांबून ढगच वाटतात. बराच वेळ पाहिलं, की कळतं, हे हलत नाहीत."
मी हडपसरपलीकडे गेलेली नाही.
हप्ता कमी भरला. मान खाली घालून म्हणाले, या खेपेला एवढंच जमलं. मी म्हटलं, राहू द्या. बायडाबाई माझ्याकडे बघतच राहिली. बघू दे.
संध्याकाळी पर्वतीमागे ढग होते. हलेपर्यंत पाहत बसले.

कोजागिरी
आले नाहीत. बायडाबाईला दार लावू दिलं नाही.

आश्विन वद्य तृतीया
पंत आज आले. सरदाराने थकलेला पगार दिला, तो आणायला साताऱ्याला गेले होते. सगळं कर्ज एकदम फेडायला आले. थैली उंबऱ्यावर ठेवली.
मी ती परत सरकवली. म्हटलं, "पंचांनी महिन्याचं ठरवून दिलंय. तेवढंच घेईन."
पंत थैलीकडे पाहत उभे राहिले. मग ओसरीवर बसले.
"चंबळ अर्धीच राहिली," म्हणाले.